जाहिरातीचा हिशेब तुमच्याच वहीत हवा

आमचा आंबा रत्नागिरीहून पुण्याला जातो. गेल्या हंगामात पहिल्यांदाच आम्ही जाहिरातीचं काम एका एजन्सीकडे सोपवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. "आत्ताच फेसबुकवर तुमची जाहिरात बघितली. चार डझनांची पेटी कधी मिळेल?" बाहेर पाऊस कोसळत होता. बाग कधीच रिकामी झाली होती, अढीतला पेंढाही गोठ्यात गेला होता. आणि आमची जाहिरात चालूच होती, आमच्या पैशावर.

त्या महिन्याच्या एजन्सीच्या अहवालात पहिलाच आकडा होता, रीच दीड लाख. आम्ही तो बघून खूश होत आलो होतो. रीच म्हणजे किती जणांना जाहिरात दिसली, एवढंच. इम्प्रेशन म्हणजे ती किती वेळा दिसली. लाईक म्हणजे कुणीतरी अंगठा दाबला. यातल्या कशानेही पेटी विकली जात नाही. अहवालात चौकशा किती आल्या, त्यातून ऑर्डरी किती झाल्या आणि एका ऑर्डरीमागे खर्च किती पडला, हे लिहिलेलं नसेल तर सावध व्हा. एजन्सी चांगलं काम करत नसल्याची पहिली खूण मला हीच वाटते.

हिशेब अवघड नाही. समजा एजन्सीची फी, जाहिरातीचा खर्च आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला २०,००० रुपये गेले आणि जाहिरातीतून २५ ऑर्डरी आल्या. म्हणजे ऑर्डरीमागे ८०० रुपये पडले. एका ऑर्डरीत एकच पेटी धरली आणि पेटीमागे तुम्हाला ५०० सुटत असतील तर प्रत्येक पेटीबरोबर ३०० रुपये पदरचे जातात. तो ग्राहक पुढच्या वर्षी पुन्हा आला तर गणित बदलेल, हे खरं. पण मग तो परत आला की नाही, याची नोंद ठेवावी लागते.

ही नोंद एजन्सी ठेवणार नाही, आणि कोणता ग्राहक कुठून आला याचीही नाही. आमच्याकडे वहिनींनी फोनजवळ शंभर पानी वही ठेवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" तीन आठवड्यांत ६४ फोन आले. जाहिरात बघून आलेले फक्त ९, आणि त्यातले ४ नागपूरचे. नागपूरला आम्ही माल पाठवतच नाही! बाकीचे बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितल्यामुळे आलेले. एजन्सी मात्र सगळी विक्री आपल्याच खात्यात धरत होती.

दुसरी खूण म्हणजे शुभेच्छा. गुढीपाडवा, रामनवमी, महाराष्ट्र दिन, मातृदिन, प्रत्येकाला कोपऱ्यात आपला लोगो लावलेलं एक चित्र. महिन्याच्या बारा पोस्टपैकी सात अशाच निघाल्या, तर मालाबद्दल कुणी काही बोललंच नाही असं समजा.

काही गोष्टी तुम्ही स्वतः तपासू शकता. फेसबुकची 'ॲड लायब्ररी' सगळ्यांसाठी फुकट खुली असते. तिथे आपल्या पेजचं नाव टाकलं की कोणत्या जाहिराती चालू आहेत आणि त्या कधीपासून आहेत, हे दिसतं. मी हे मे महिन्यात केलं असतं तर जूनमधला खर्च वाचला असता. गूगलवर जाहिरात असेल तर लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले, त्याची यादी मागा. 'चेंज हिस्ट्री'ही मागा. खात्यात कोणत्या तारखेला काय बदललं, हे त्यात दिसतं. दोन महिने कुणी हातच लावला नसेल तर तेही दिसतं.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते खात्यांबद्दल. पेज, जाहिरातीचं खातं आणि वेबसाइटचं डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं. एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. सगळं त्यांच्या नावावर असेल तर त्यांना काढताना वर्षानुवर्षांची माहिती आणि ग्राहकांचे मेसेज हातचे जातात. आपल्या खात्याचा प्रवेश मागितल्यावर जी एजन्सी "तुम्हाला त्यातलं कळणार नाही" म्हणते, तिला पुढच्या महिन्याचे पैसे देऊ नका.

एजन्सीवर अन्याय मात्र करू नका. नव्या जाहिरातीला स्थिरावायला काही आठवडे लागतात. आलेला फोन आपणच उचलला नाही, व्हॉट्सॲपवरच्या चौकशीला दोन दिवसांनी उत्तर दिलं, मालाचे फोटो मागूनही पाठवले नाहीत, तर तो दोष आपला. आमच्याकडूनही एप्रिलमध्ये असं झालं होतं. म्हणून आधी समोर बसून बोला, महिन्याभरात किती चौकशा हव्यात ते लेखी ठरवा, आणि मगच निर्णय घ्या.

पुढचं बिल भरायच्या आधी आज संध्याकाळी एवढं करा. आपल्या पेजचा ॲडमिन कोण आहे ते बघा आणि फोनजवळ एक वही ठेवा.