फुलामुलांचा कवी आणि आमची मुलं

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो होतो. सूतगिरणीतली रात्रपाळी उरकून, तसाच, केसात कापूस घेऊन. शिवाजी पार्कावरच्या पुस्तकांच्या मांडवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची जुनी प्रत हाताला लागली. घेतली. बरोबरचा दोस्त भडकलाच. म्हणाला, ‘‘बाबासाहेबांच्या दिवशी भटणीचं पुस्तक घेतोस? आन् तेही पाद्र्याच्या बायकोचं?’’

तिथं रांगेत भांडत बसलो नाही. इथं भांडतो.

दोस्ता, तो पाद्री जन्मला तोही सहा डिसेंबरलाच. १८६१ साल, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. नारायण वामन टिळक. टिळक म्हटलं की लोकांना दुसराच आठवतो, पगडीवाला. हा तो नव्हे. हा फुलामुलांचा कवी. शाळेत त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ गुरुजींनी शिकवली तेव्हा जखमी पक्षिणीसाठी गुरुजींचा गळा दाटून आला होता. तेच गुरुजी आमच्या हातचं पाणी पीत नसत. मधल्या सुट्टीत तांब्या भरायला दुसऱ्या आळीतलं पोरगं लागायचं. कवितेचा त्यात दोष नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय: या महाराष्ट्रात पाखरासाठी रडायला जात आडवी येत नाही, माणसासाठी येते.

आता त्या माणसाबद्दल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं त्यांना बायबल दिलं. डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि चित्पावन ब्राह्मण हलला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको जवळजवळ पाच वर्षं वेगळी राहिली. सगेसोयरे तुटले. नगरला अमेरिकन मराठी मिशनात शिकवायला लागले, पाळक झाले, ‘ज्ञानोदय’चं संपादन केलं, शेकडो भजनं-अभंग लिहिले. १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर लाथ मारली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. ९ मे १९१९ ला मुंबईत गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धं राहिलं. ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं.

माणूस खरा होता. गोऱ्या मिशनऱ्यांच्या पुढं पुढं करणारा नव्हता. दुष्काळात-प्लेगात टाकलेली पोरं घरात आणून वाढवणारा होता. हे मी मान्य करतो आणि मगच बोलतो.

पाणी एकच असतं ना? त्या पाण्यातून टिळक बाहेर आले ते ‘रेव्हरंड’ व्हायला. चरित्र लिहिणारे म्हणाले, केवढा त्याग! केवढी तळमळ! त्याच पाण्यातून नगर जिल्ह्यातला महार बाहेर आला, मांग बाहेर आला. गाव म्हणालं, बाटला. ज्वारीच्या पोत्याला बाटला. टिळक ख्रिस्ती का झाले यावर पानंच्या पानं आहेत. महार ख्रिस्ती का झाला यावर एकच शब्द: दुष्काळ.

आरं, भूक हे कारण हलकं असं ठरवलं कुणी? ज्याला कधी लागली नाही त्यानं. आणि निव्वळ भूक तरी कुठं होती? मेलेलं ढोर ओढायचं नाही, येसकरकीच्या शिळ्या तुकड्यासाठी दारोदार ओरडायचं नाही, पोराला पाटी मिळते, पोरीलासुद्धा मिळते, हा विचार नव्हता होय? टिळकांना आत्म्याचा शोध लागला आणि आमच्या आज्यापणज्यांना फक्त भाकरीचा? आत्मा पण काय इनाम जमीन आहे?

मिशन १८३१ पासून नगरात आहे. १८३९ मध्ये खिस्ते नावाचे दोन ब्राह्मण भाऊ ख्रिस्ती झाले, त्यांची नावं इतिहासात आहेत. पण गावोगावच्या मंडळ्या भरल्या त्या महारवाड्यानं आणि मांगवाड्यानं. टिळकांची भजनं ज्या तोंडांनी शंभर वर्षं जिवंत ठेवली ती तोंडं आमची. डोक्यावर पदर घेतलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांची. साहित्याच्या इतिहासात कवी आहे, त्याची गाणाऱ्या बायांशी ओळखच नाही.

टिळक म्हणायचे, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. सुंदर बोलले. पण पुलावर कुणाला जाऊ देत होते? आमचा चोखोबा पंढरपुरात अजून पायरीपाशीच आहे. टिळकांना मागं वळून बघितलं तर देहू-आळंदी दिसत होती, आम्हाला मागं वळून बघितलं तर तक्क्या आणि वेशीबाहेरचा उकिरडा. म्हणून त्यांना ख्रिस्ताच्या कपाळी बुक्का लावावासा वाटला. आमच्या माणसाला बुक्का नको होता, सुटका हवी होती. शेवटी देवाच्या दरबारात त्यांनी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. मन मोठं, कबूल. पण ज्याच्यापाशी बाप्तिस्म्याच्या दाखल्याशिवाय माणूस असल्याचा दुसरा पुरावाच नव्हता, त्याला तो दाखला असा बाजूला ठेवता येतो का? हा प्रश्न टिळकांना कुणी विचारला असता तर त्यांना तो कळला असता असं मला वाटतं. विचारणारे त्यांच्यासमोर वर्गातच बसले होते. ते बोलले नाहीत, किंवा बोलले ते कुणी छापलं नाही.

लक्ष्मीबाईंचं पुस्तक म्हणूनच घेतलं, दोस्ता. नवरा एका झटक्यात ख्रिस्ती झाला. ही बाई नवऱ्याजवळ राहायला आली तरी सोवळं सांभाळत होती, वेगळं शिजवत होती, पाण्याला जपत होती. मग एक दिवस तिच्या डोक्यात उजेड पडला, की देवानं बाई आणि पुरुष दोनच केले, बाकीच्या जाती माणसानं. आणि ही तिची स्वतःचीच गोष्ट ती स्वतःची फजिती करून सांगते. मराठीत इतका प्रामाणिक कबुलीजबाब मला दुसरा सापडला नाही. जात भटाच्या घरात कशी मुरलेली असते, ती कुठल्या भांड्यात असते, हे आतून सांगणारा साक्षीदार आहे हा. आपण कोर्टात साक्षीदाराची जात बघून त्याला हाकलतो काय?

आता खरं दुखणं. माझी एक मावशी नगरकडं (आता कागदावर अहिल्यानगर) ख्रिस्ती घरात दिलेली. महाराचंच घर. मावसभावाला गावात मारलं, विहिरीच्या कारणावरून. मारताना जातीवरून शिव्या दिल्या, धर्मावरून नाही. फिर्याद द्यायला गेला तर ठाण्यात म्हणाले, तू किरिस्ताव, तुला ॲट्रॉसिटी लागत नाही. खोटं नव्हतं ते. १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश, परिच्छेद तीन: आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं हा परिच्छेद काढा म्हणून सांगितलं. कागद पडला धूळ खात. म्हणजे गावाला त्याची जात दिसते, फक्त सरकारला दिसत नाही!

१९५६ ते १९९० चौतीस वर्षं केंद्राच्या लेखी आपले बापजादे याच रांगेत उभे होते. ते आपण इतक्यात विसरलो? मागच्या बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, ‘‘ते परधर्मात गेले, त्यांचं ते बघतील.’’ हे वाक्य मी आधी पाटलाच्या ओट्यावर ऐकलेलं आहे.

बाबासाहेबांनी १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं भाषण केलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांच्या व्यक्तित्वाची छाप आपल्यावर आहे असं सांगितलं. आणि त्याच तोंडानं झापलंही: तुमच्यात जात शिल्लक आहे, सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही लढत नाही, महाराचं पोर ख्रिस्ती झालं की त्याची स्कॉलरशिप बंद होते त्याचं काय करता? म्हणजे झापलं, पण त्यांच्यासमोर उभं राहून झापलं. आपण समोर तरी जातो का?

दुसरं. दलित साहित्य साठच्या दशकात सुरू झालं असं जो तो लिहितो. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीनं, मुक्ता साळवेनं, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कुणी? ‘ज्ञानोदय’नं. पुढं ज्याचे टिळक संपादक झाले तेच ते. आपला पहिला हुंदका पाद्र्यांच्या छापखान्यातून बाहेर पडला. मुक्तेनंतर त्या पानांत आमची आणखी कोण कोण लिहून गेली, हे शोधायला कुणी गेलं का? प्राध्यापकांना ‘फुलामुलां’मधून सवड नाही, आणि आपल्याला घोषणांमधून.

गेल्या पावसाळ्यात मावशी वारली. मातीला गेलो होतो. भजन म्हणणारी म्हातारी ऐंशीच्या पुढची, अंगठेबहाद्दर. टिळकांची दोन म्हटली. तिसरं म्हणाली ते कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘‘ते व्हय? ते आमच्या सासऱ्याचं. त्यो काय लिहीत नव्हता बाबा, नुसता जोडायचा.’’ महारकीची पाळी, पाटलाचा वाडा, आणि ख्रिस्त उन्हात उभा, असं ते गाणं. माझ्याकडं कागद नव्हता. विडीच्या पाकिटावर चार ओळी उतरल्या, पुढचं राहिलं.

येत्या सुट्टीला पुन्हा जातोय, दोनशे पानी वही घेऊन. बदली कामगार आहे, दोन दिवसांची मजुरी बुडेल. गाडीभाडं आपापलं. कोण येतंय बरोबर?