मैत्रीला जागा कोण देणार?

विद्यार्थ्यांच्या एकटेपणाविषयी अलीकडे महाविद्यालयांतून मोठ्या कळवळ्याने बोलले जाते. समुपदेशकांची व्याख्याने होतात, मन मोकळे करा, चांगले मित्र जोडा, असा उपदेश होतो आणि आभारप्रदर्शनानंतर श्रोते पुन्हा आपापल्या भाड्याच्या खोल्यांकडे वळतात. ज्याचे मन खरोखरच आजारी आहे त्याला उपचार मिळालेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु किनवट, मुखेड किंवा अहमदपूरकडच्या खेड्यातून आलेला मुलगा नांदेडला वा लातूरला तीन वर्षे राहूनही चार माणसे जोडू शकत नाही, हा त्याच्या स्वभावाचा दोष ठरविणे म्हणजे दुष्काळाचे खापर शेतकऱ्याच्या आळसावर फोडणे होय.

त्याच्या वाट्याला आलेले जीवन पाहावे. लातुरात अकरावीपासूनच शेजारचा विद्यार्थी हा सोबती नसून गुणांच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धी असतो. ‘लातूर पॅटर्न’चा गौरव करणाऱ्यांनी या किमतीचा हिशेब कधी मांडलेला नाही. खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो. जातीजातींच्या वस्त्या गावातच राहिल्या, असे मानणाऱ्यांनी शहरातील खोल्यांची एकदा मोजदाद करावी. शासकीय वसतिगृहे खात्याखात्यांनी वाटलेली. तेथेही जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘स्वाधार’ची रक्कम जमा होते. ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण पैशाने भाडे भागते, पंगत मिळत नाही. मुलींची गोष्ट आणखी बिकट. वर्गातील मुलाशी पुस्तकाविषयी चार वाक्ये बोललेली घरी कळली की शिक्षण थांबते आणि लग्न ठरते. एकमेकांशी साधे बोलण्याचीही मुभा नसलेल्या तरुण-तरुणींकडून निकोप नात्याची अपेक्षा करणारा समाज मोठा विनोदी म्हटला पाहिजे.

हे असेच चालायचे, असे कोणी म्हणेल. पण नांदेडला याहून वेगळे घडलेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने १९५० साली निघालेल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवीत, पुढे तेथेच प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेला हा माणूस विद्यार्थ्यांशी तासन्‌तास वाद घाली. ज्याला गुण किती, हे तेथे विचारले जात नसे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातून आलेली ही रीत होती. वाद घालण्याइतका एकमेकांविषयी विश्वास असणे, यालाच मैत्री म्हणतात.

त्या काळाचे गोडवे गातानाही डोळे उघडे हवेत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उतरले. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि कालचे सोबती परस्परांसमोर उभे ठाकले. दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नोकऱ्या आणि रेल्वे यांच्या मागणीवर झालेली एकजूट जातीच्या प्रश्नाला शिवताच का विरघळली? मोर्चात एकत्र चाललेल्यांनी एका ताटात जेवण्याचा आग्रह धरला नव्हता, म्हणून. नामांतराच्या बाजूने उभे राहिलेल्या समाजवाद्यांनी त्या काळी अपमान सोसले. त्यांच्या वारसांनी हा धडा विसरता कामा नये.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले, त्याच वर्षी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद करून गुणानुक्रमे नेमणुका सुरू केल्या. अर्थात हे विद्यापीठ जन्मले तेच विद्यार्थ्यांच्या मताविना. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, हे कारण पुढे केले जाते. हाच न्याय लावला तर विधानसभेच्या निवडणुका केव्हाच बंद व्हावयास हव्या होत्या! २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद केली, २०१९ साली त्या जाहीरही झाल्या आणि विधानसभेच्या निवडणुकीचे निमित्त सांगून पुढे ढकलल्या गेल्या. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या तालुक्याच्या मुलाच्या खोलीवर मत मागावयास जावे लागणे, हे केवढे शिक्षण होते!

सरकारला जाब विचारताना पक्षानेही स्वतःकडे पाहावे. कार्यकर्त्यांना विद्यार्थी आठवतो तो मोर्चाला गर्दी हवी तेव्हा. परीक्षेत नापास झालेल्या, मेसचे पैसे थकलेल्या पोराची चौकशी कोण करतो? ती जातीच्या संघटना करतात, आणि मग पोरे तिकडे गेली म्हणून आपल्या बैठकांत हळहळ व्यक्त होते. विष्णुपुरीच्या परिसरात आणि लातूरच्या उपकेंद्रात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाईक वसतिगृहे, विद्यार्थ्यांनीच चालविलेली खानावळ, मुलामुलींना एकत्र बसता येईल असे रात्री उघडे राहणारे वाचनालय आणि थेट निवडणुका, या मागण्या घेऊन कुलगुरूंच्या दारात बसावयास हवे. खानावळीसाठी मात्र कुलगुरूंची परवानगी लागत नाही; ती पक्षाच्या कार्यालयातही सुरू करता येईल.