टपालपेटीची झडती

विद्यापीठातल्या नोकरदारांवर ठेवता येण्याजोग्या आरोपांत ‘कार्यालयीन ईमेलचा गैरवापर’ हा सर्वांत सोयीचा. पगार विद्यापीठाचा, संगणक विद्यापीठाचा, मेलखातेही त्याचेच. मग त्यावरून गेलेली कामाबाहेरची कोणतीही ओळ गैरवापरात बसवता येते. मुलाच्या शाळेला पाठवलेला निरोप, निवृत्त सहकाऱ्याला दिलेल्या शुभेच्छा, संघटनेच्या सभेची सूचना. इतके काटेकोर मोजमाप लावले तर कुलगुरूंसह एकही जण निर्दोष उरणार नाही. म्हणून अशा प्रकरणात पहिला प्रश्न मेलबद्दलचा नसतोच. नोटीस या एकाच माणसाला का निघाली आणि नेमकी याच आठवड्यात का, हा तो प्रश्न.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रकरण या दृष्टीने आजही वाचण्यासारखे आहे. मार्च २०११ मध्ये तिथले गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क जवळपास मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली. चारच दिवसांनी विल्यम क्रोनन या पर्यावरण-इतिहासकाराने, असे कायदे राज्याराज्यांत पोहोचवण्यामागे कोणत्या संस्था असतात, याचा माग काढणारा लेख लिहिला. त्यानंतर दोन दिवसांत राज्याच्या रिपब्लिकन पक्षाचा अर्ज विद्यापीठात दाखल झाला. सरकारी नोंदी खुल्या करण्याच्या कायद्याखाली क्रोनन यांच्या विद्यापीठीय खात्यावरचे १ जानेवारीपासूनचे मेल हवेत; ‘रिपब्लिकन’, ‘स्कॉट वॉकर’, ‘युनियन’ असे शब्द ज्यांत आले असतील ते सगळे. सरकारी मेलवरून राजकीय प्रचार करायला तिथे मनाई आहे. तेव्हा अर्जामागचा हिशेब उघड होता: लेखाला उत्तर देता येत नाही ना, मग लेखकाच्या खात्यात काही सापडते का बघू. वड्याचे तेल वांग्यावर काढायचे ते असे.

सापडले काहीच नाही. क्रोनन खासगी आणि विद्यापीठीय खाती कसोशीने वेगळी ठेवत. विद्यापीठाच्या वकिलांनी मेल तपासले आणि गैरवापर झालेला नाही असा निर्वाळा दिला. पण त्याहून महत्त्वाचे कुलप्रमुख बिडी मार्टिन यांचे १ एप्रिलचे निवेदन. कायद्याने द्यावे लागतील ते मेल त्यांनी दिले. विद्यार्थ्यांचे, कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबींचे आणि अभ्यासकांच्या आपापसातल्या वैचारिक देवाणघेवाणीचे मात्र रोखून धरले. अर्धवट सुचलेला विचार सहकाऱ्याला लिहून पाठवताना तो उद्या पक्षकार्यालयात वाचला जाईल अशी धास्ती असेल, तर संशोधन होणार कसे, ही त्यांची भूमिका होती. याच विद्यापीठाने १८९४ मध्ये रिचर्ड इलाय या अर्थशास्त्रज्ञाला संपांना पाठिंबा दिल्याच्या आरोपातून मुक्त केले होते. त्या वेळच्या ठरावाचा फलक तिथल्या मुख्य इमारतीवर आजही आहे. वारसा सांगणे सोपे. मार्टिनबाईंनी तो वापरला.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणणारे इथे पुढे येतील. क्रोनन यांना डर नव्हती हे खरेच. ते अमेरिकी इतिहासकार संघटनेचे नियोजित अध्यक्ष होते आणि पाठीशी विद्यापीठ उभे होते. साध्या कारकुनापाशी यातले काय असते? वेल्समधल्या कार्मार्थनशर कॉलेजात लिनेट कॉपलंड या प्राचार्यांच्या स्वीय सहायक होत्या. संस्थेची साधने त्या खासगी कामाला जास्त वापरतात का, हे पाहण्यासाठी त्यांचे फोन, भेट दिलेली संकेतस्थळे, कोणाला आणि केव्हा मेल गेले याच्या नोंदी त्यांना न सांगता तपासल्या गेल्या. मजकूर वाचला नाही, हा बचाव होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये तो फेटाळला. पाळत ठेवली जाईल अशी पूर्वसूचना नाही, तिला कायद्याचा आधार नाही, त्यामुळे खासगीपणाचा भंग झाला, असे ठरवून ३,००० युरोंची भरपाई दिली. रक्कम किरकोळ, पण नोकरीच्या जागी पाय ठेवताना माणूस आपले खासगीपण फाटकाबाहेर ठेवून येत नाही, हे एका स्वीय सहायकाने सिद्ध करून घेतले.

आपल्याकडे गोष्ट थेट कोठडीपर्यंत गेली. २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अंबिकेश महापात्रा यांनी ममता बॅनर्जींवरचे एक व्यंगचित्र मेलवरून पुढे पाठवले. रेल्वेमंत्री बदलल्याची ती थट्टा होती, सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’चा संदर्भ घेऊन केलेली. खाते विद्यापीठाचेही नव्हते, त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचे होते. म्हणून सोसायटीच्या वयोवृद्ध सचिवांनाही अटक झाली! माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ज्याखाली गुन्हा नोंदला ते कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. तरीही महापात्रा यांची न्यायालयातून सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडले. जवळपास अकरा वर्षे, एका मेलपायी.

गैरवापर होतच नाही असा आमचा दावा नाही. विद्यार्थिनीला त्रास देणारे मेल, प्रश्नपत्रिका फोडणे, विद्यापीठाच्या खात्यावरून खासगी शिकवणीची जाहिरात, निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार, या सगळ्याला शिक्षा हवी. मात्र तिथे तक्रारदार असतो, नुकसान झालेला कोणीतरी असतो. ज्या प्रकरणात दुखावले गेले ते फक्त वरिष्ठ, तिथे आम्ही कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहू.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र, रोजगाराच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, संमतीविना कर्मचाऱ्याची माहिती हाताळायची वाट मोकळी ठेवली. ही फट किती रुंद करायची, हे शेवटी कुलसचिवांच्या टेबलावर ठरणार. त्यात विनोद असा की आपल्या महाविद्यालयांत रात्री दहाला सूचना येतात त्या व्हॉट्सअॅपवर, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या पैशाच्या रिचार्जवर. संस्था खासगी साधने बिनदिक्कत वापरते, तेव्हा गैरवापराची समिती बसत नाही.

व्यवस्थापन परिषदांनी हा नियम आताच लेखी करावा. कोणता मेल, कोणाचे काय नुकसान झाले, हे तक्रारीत नेमके नोंदल्याशिवाय खाते उघडू नये. ज्या अधिकाऱ्यावर टीका झाली आहे त्याच्या सहीने तर मुळीच नाही. हार्वर्डने २०१२ मध्ये बातमी कोणी फोडली हे शोधण्यासाठी सोळा निवासी डीनांच्या खात्यांतले मेल त्यांच्या नकळत शोधले. पुढच्या वर्षी ते बाहेर आले तेव्हा आधीच्या खुलाशात न सांगितलेल्या आणखी शोधांची कबुली द्यावी लागली. म्हणून खाते उघडायचेच असेल तर संबंधिताला आधी कळवून उघडावे. आणि चौकशी चालू असल्याचे कारण सांगून तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे पुढच्या सत्राचे नेमणूकपत्र अडवले जाऊ नये.