बाक बदलला की भाषा बदलते

आपल्या राज्यात दोन प्रश्न असे आहेत की, त्यांचे उत्तर पुढाऱ्याच्या तोंडून ऐकण्याची गरज नाही. तो विधानसभेत कोणत्या बाकावर बसला आहे एवढे पाहिले की पुरे. पहिला प्रश्न असा की, लोकांनी रस्त्यावर उतरावे की नाही? आणि दुसरा असा की, सरकारी तिजोरीतले कोट्यवधी रुपये कोणत्या रस्त्यावर, कोणत्या रुळांवर आणि कोणत्या पुलावर खर्च करावेत? विरोधी बाकावर बसलेल्या गृहस्थाला मोर्चा हा लोकशाहीचा प्राण वाटतो आणि प्रत्येक मोठा प्रकल्प ही लूट वाटते. तोच गृहस्थ चार पावले चालून सत्ताधारी बाकावर गेला की मोर्चा हा कट ठरतो आणि प्रकल्प हा विकास ठरतो. माणूस तोच, आवाज तोच, टेबलावर आपटणारी मूठही तीच. बदलतो तो बाक.

मी गेली कित्येक वर्षे अंबरनाथला राहतो. एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला बदलापूर, आणि मधून जाणारी आगगाडी ही आमची जीवनरेखा. तेव्हा या दोन्ही प्रश्नांशी माझा संबंध पुस्तकी नाही, रोजचा आहे. हा लेख कोणत्या पक्षाच्या बाजूने आहे, असे कोणी विचारील तर एवढेच सांगतो, की तो सर्वांच्याच विरुद्ध आहे.

आधी बंदची गोष्ट घ्या. ३० जुलै २००३ रोजी शिवसेना आणि भाजप यांनी मुंबई बंद पुकारला. तेव्हा ते विरोधी बाकावर होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली न्यायालयाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरावयास लावले. पुढे काळ फिरला. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्र बंद झाला, आणि तो पुकारला होता सत्तेवर असलेल्या महाविकास आघाडीने! सरकार चालवणारेच सरकारचे राज्य बंद ठेवीत होते, आणि भाजप लोकांच्या गैरसोयीबद्दल अश्रू ढाळीत होता. याच भाजपने त्याच वर्षी जून महिन्यात राज्यभर चक्का जाम केला होता; त्या वेळी चाके थांबल्याने कोणाची गैरसोय झाली नसावी! आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आघाडीने पुन्हा बंदची हाक दिली तेव्हा उच्च न्यायालयाने २३ तारखेला तो करण्यास मनाई केली, ती २००४ च्याच निकालाच्या आधारे. एकाने दंड भरून घडवलेला न्याय दुसऱ्याच्या आड आला.

जेथे आंदोलन आणि प्रकल्प एकत्र येतात, तेथे तर ही गंमत अधिकच रंगते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची झाडे रात्री तोडली गेली. जमावबंदी लागली, २९ आंदोलकांना अटक झाली. दोनच महिन्यांत सरकार बदलले, काम थांबले, गुन्हे मागे घेण्याची घोषणा झाली आणि गाड्यांची शेड कांजूरमार्गला न्यायचे ठरले. २०२२ साली सरकार पुन्हा बदलले आणि शेड पुन्हा आरेत आली. बारसूचे तसेच. मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून तेलशुद्धीकरणासाठी ती जागा सुचवली, आणि मे २०२३ मध्ये विरोधक म्हणून तेच बारसूला जाऊन आंदोलकांच्या पाठीशी उभे राहिले. समृद्धी महामार्गाचे भूसंपादन चालू होते तेव्हा शिवसेना सत्तेत भागीदार, ते खाते तिच्याच मंत्र्याकडे, आणि तरीही तिचे नेते विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांची बाजू घेत होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच रस्त्याला पक्षप्रमुखांच्या पित्याचे नाव मिळाले. रस्ता ७०१ किलोमीटर सरळ गेला. वळणे घेतली ती फक्त भूमिकांनी.

आता आमच्या पट्ट्यात या.

२० ऑगस्ट २०२४ या दिवशी मी अंबरनाथच्या फलाटावर उभा होतो. बदलापूरला बहीण आजारी होती, तिच्याकडे जायचे होते. पुढे गाडी जात नव्हती. बदलापूरला हजारो लोक सकाळपासून रुळांवर बसले होते. एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि त्यांच्या पालकांची तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात तासन् तास लावले गेले, याचा तो संताप होता. मी चिडलो, हे कबूल करतो. "यांच्या रागापायी माझी बहीण का ताटकळावी?" असे मी मोठ्याने बोललोही. शेजारी डबा हातात घेतलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "काका, पोरींसाठी बसलेत ते. आज नाही बसायचं, तर कधी?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. म्हणून हा लेख.

सायंकाळी लाठ्या चालल्या, दगडही पडले, रूळ मोकळे झाले. पाठोपाठ अटका झाल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले की, हे आंदोलन राजकीय हेतूने घडवलेले होते. विरोधक म्हणाले की, हा जनतेचा उत्स्फूर्त उद्रेक होता. बाक उलटे असते तर ही दोन वाक्येही उलटी झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी मौन पाळले. जी यंत्रणा पालकांसाठी हलली नव्हती, ती रुळांसाठी हलली. मंत्री धावत आले, विशेष तपास पथक नेमले गेले, जलदगती न्यायालयाची घोषणा झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. दोन दिवसांनी उच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले आणि लोक प्रक्षुब्ध झाल्याखेरीज यंत्रणा हलतच नाही काय, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. बदलापूरकराला या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकल काढून त्यांच्या वेळेला वातानुकूलित लोकल सोडल्या गेल्या. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी खवळले, आणि त्या दहा फेऱ्या आठवड्याच्या आत मागे घेतल्या गेल्या. अर्ज, विनंत्या, निवेदने यांनी जे वर्षांत होत नाही ते फलाटावरच्या गोंधळाने सहा दिवसांत होते, हा धडा लोकांना कोणी शिकवला? कोण्या चिथावणीखोराने नव्हे, सरकारनेच.

कोणी म्हणेल, रेल रोको हा गुन्हा आहे. आहेच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १७४ व्या कलमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलेले आहे. आणि तो गुन्हा असावा, हेही मला मान्य आहे. अडलेल्या गाडीत मंत्री नसतो; रोजंदारीवर जाणारा असतो, दवाखान्यात निघालेली म्हातारी असते. परंतु दाराला कुलूप लावायचे, खिडकीला गज ठोकायचे, आणि आतला माणूस भिंतीला धक्के देऊ लागला की भिंतीच्या नुकसानीचा हिशेब मांडायचा, हा कोणता न्याय?

दाराला कुलूप होते असे मी म्हणतो, ते अलंकार म्हणून नव्हे. कुळगाव-बदलापूर आणि अंबरनाथ या नगरपालिकांची मुदत २०२० साली संपली. त्यानंतर डिसेंबर २०२५ पर्यंत तेथे निवडणूकच झाली नाही. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ साली संपली. तेथे मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या तीन शहरांची लोकसंख्या नऊ लाख तेहतीस हजारांवर होती. त्यानंतर किती वाढली ते रोज सकाळी गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्यांनी सांगावे. एवढ्या लोकांना वर्षानुवर्षे आपल्या वॉर्डात हक्काने जाब विचारता येईल असा एकही निवडून दिलेला माणूस नव्हता. प्रशासक होते. प्रशासकाच्या दारात मोर्चा नेता येतो, त्याला मतदानाने घरी पाठवता येत नाही. २० ऑगस्ट २०२४ रोजी जे रुळांवर बसले, ते अशा शहराचे नागरिक होते.

आणि रूळ तरी किती? कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणारे दोन. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांवरूनच मालगाड्या. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मार्च २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. लांबी १४ किलोमीटर, अंदाजे खर्च १,५१० कोटी. २०२५ साल संपले तरी त्यावरून लोकल धावली नव्हती. शक्तिपीठ महामार्ग पाहा. लांबी ८०२ किलोमीटर. कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी जमीन देणार नाही म्हणून रस्त्यावर आलेले. तरी २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मान्यता देताना २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. दोन्ही कामांची तिजोरी अगदी एक नाही, हे मला कळते. रेल्वेत केंद्राचाही वाटा आहे. पण मन कोठे आहे ते यावरून कळते. जेथे लोक "द्या" म्हणून ओरडतात तेथे पैसा मुंगीच्या पावलांनी येतो; जेथे लोक "नको" म्हणून ओरडतात तेथे तो घोड्यावर बसून जातो. आणि दोन्हीकडे ओरडणारेच गुन्हेगार!

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. सरकारचे म्हणणे असे की, ते कडव्या डाव्या संघटनांपुरतेच आहे, संघटना बेकायदा ठरवताना न्यायाधीशांच्या सल्लागार मंडळाची चाळणी आहे, आणि सामान्य माणसाने भिण्याचे कारण नाही. हे म्हणणे मी खोटे मानत नाही. परंतु बेकायदा कृत्यांच्या व्याख्येत रेल्वे आणि रस्त्यावरील दळणवळणात अडथळा आणणे आहे, प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे आहे. बदलापूरच्या रुळांवर बसून ही व्याख्या वाचली, तर अंगावर काटा येतो. आजच्या मंत्र्याचा हेतू शुद्ध असेल. कायद्याच्या पुस्तकात हेतू छापला जात नाही, शब्द छापले जातात, आणि ते शब्द उद्या दुसऱ्याच्या हाती जातात. विरोधकांचे शौर्य काय सांगावे! विधानसभेत आवाजी मतदानाने विधेयक निघाले तेव्हा ठामपणे विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. बाकीच्यांना संताप आला तो सभागृहाबाहेर, छायाचित्रकार जमल्यावर. आपलाही बाक कधीतरी बदलेल आणि तेव्हा हे हत्यार आपल्याच हाती येईल, असा विचार कोणाच्या मनात आला नसेलच, असे मी सांगू शकत नाही.

मग करावे काय? माझी मागणी साधी आहे. जो पक्ष आंदोलनाविषयी कायदा करील त्याने तो आपल्या कडव्या शत्रूच्या हाती आहे असे समजून एकदा वाचावा. त्या वाचनानंतरही जे कलम बरे वाटेल तेवढेच ठेवावे. जो पक्ष हजारो कोटींचा प्रकल्प हाती घेईल त्याने भूमिपूजनाच्या आधी, ज्यांची जमीन जाते आणि ज्यांची गाडी राहते अशा दोघांनाही हिशेब दाखवावा. आणि निवडणुका वेळेवर घ्याव्यात. गाऱ्हाण्यालाही एक रस्ता लागतो. तो बांधायला सिमेंट लागत नाही, ठेकेदार लागत नाही, फीत कापता येत नाही. म्हणूनच बहुधा तो कोणी बांधीत नाही. तो रस्ता असेल तर रूळ आपोआप मोकळे राहतील.

पक्षांमधली ही भांडणे तत्त्वाची आहेत असे ज्याला अजूनही वाटते त्याने एकदा अंबरनाथला यावे. साडेपाच वर्षांनी आम्हाला नगरसेवक मिळाले, आणि जानेवारी २०२६ मध्ये पहिली बातमी आली ती अशी की, दिल्लीपासून गल्लीपर्यंत एकमेकांचे तोंड न पाहणारे भाजप आणि काँग्रेस यांचे नगरसेवक पालिकेत एका आघाडीत बसले आहेत. काँग्रेसने आपल्या बारा जणांना निलंबित केले, तर ते सरळ भाजपमध्ये गेले. आपल्या शिवमंदिराने गेल्या साडेनऊशे वर्षांत पुष्कळ राजवटी पाहिल्या असतील. एवढ्या चपळाईने बाक बदललेले मात्र त्यानेही पाहिले नसावेत. बसायचे ठरले की यांना एक बाक पुरतो. मग आमच्या पोरींच्या तक्रारीसाठी आणि आमच्या १४ किलोमीटर रुळांसाठीच तो का अपुरा पडावा?