बातमी घरात काय पेरते?

मुलांवर संस्कार आईवडील करतात, शाळा करते, विहार करते, असे आपण म्हणतो. आणखी एक गुरू रोज सकाळी दाराखालून घरात येतो, हल्ली मोबाईलवरूनही येतो. तो म्हणजे बातमी. कोणाचा मान ठेवावा, कोणाची लाज बाळगावी, हे ती गुपचूप शिकवून जाते.

खैरलांजीचेच घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या या खेड्यात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. सुरुवातीला बातमी छोटी आली, आणि आली तीही अनैतिक संबंधांचा रंग देऊन. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. मधल्या सुट्टीत पेपर टेबलावरून टेबलावर फिरे आणि "काहीतरी भानगड दिसते" एवढे बोलून डबे उघडले जात. वाईट याचे वाटते की आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या घरांतही आया मुलींना सांगू लागल्या, "बघ, बाईने मर्यादा सोडली की असे होते."

कार्यकर्ते गावात गेले, त्यांनी चौकशी केली, तेव्हा खरी हकिगत बाहेर आली. शेतजमिनीचा वाद जुना होता. शिवाय या मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात हल्लेखोरांविरुद्ध साक्ष दिली होती. त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे घडले.

आता विचार करा. बाई एकच. पहिली बातमी वाचून मुलगी शिकते, गप्प राहावे, मान खाली घालावी. दुसरी वाचून शिकते की गावाच्या दहशतीपुढेही खरे बोलणाऱ्या बाया आपल्यात होत्या. आपल्या लेकींनी यातले काय घेऊन मोठे व्हावे?

नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर उतरले. लगेच मथळे दगडफेकीचे आले, मोर्च्यांमागे नक्षलवादी असल्याची चर्चा झाली. माणसे कशासाठी आली होती, ते मागे पडले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. फाशी झाली हे पुष्कळांना आठवते. जातीचा गुन्हा न्यायालयात टिकला नाही, हे किती घरांत माहीत आहे?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची पैसे देऊन द्यायची जाहिरातही 'केसरी'ने छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाले. आपली हकिगत आपण सांगितली नाही तर दुसरा ती त्याच्या सोयीने सांगणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हणून पेपर बंद करावा काय? मुळीच नाही. ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही खरे मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. छापून आले आहे, मोबाईलवर फिरते आहे, हेही त्याच यादीत धरावे. आपल्या बाजूने आलेल्या मजकुरालाही तोच नियम लावावा. आजची पोरे अत्याचाराचे व्हिडिओ पाहतात, संतापतात, पुढे पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. नुसत्या संतापाने माणूस घडत नाही.

आमचे सांगणे सोपे आहे. रविवारी वंदना झाली की एक बातमी घेऊन मुलांसह बसावे आणि चार प्रश्न विचारावेत. यात बोलले कोण, फक्त पोलीस की पीडित घरही? जात कोणाची लिहिली, कोणाची लपवली? गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला? आणि सहा महिन्यांनी त्या प्रकरणाचे काय झाले? कात्रण वहीत चिकटवून तारीख घालावी, म्हणजे शेवटचा प्रश्न विसरला जात नाही. वही मुलीच्या हाती द्यावी आणि तिचे मत आधी ऐकावे.

जयभीम.