कारभाराची दप्तरे तरुणांच्या हाती द्या

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एखाद्या सेवाभावी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जो उपस्थित राहिला असेल, त्याने अहवालवाचन आणि जमाखर्चाची मंजुरी आटोपल्यानंतर ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली एक तक्रार हटकून ऐकली असेल. ती अशी की, हल्ली तरुण मुले संस्थेकडे फिरकत नाहीत. वाचनालय असो, रुग्णसाहाय्यक मंडळ असो, रोटरी वा लायन्स क्लब असो, तक्रार तीच असते आणि तिच्यामागील व्यथाही खरी असते, कारण ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे वेचून आणि प्रसंगी पदरमोड करून संस्था उभी केली, त्यांना आपल्यामागे तिचे काय होणार या चिंतेने ग्रासावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि ही तक्रार करणाऱ्या मंडळींनी आपल्या कार्यकारिणीची नामावली एकवार डोळ्यांखालून घातली, तर तिचे उत्तर त्याच कागदावर सापडेल, असे माझे नम्र पण स्पष्ट मत आहे. तरुणांना आपण कामास बोलावतो, कारभारास बोलावीत नाही. आणि ज्या कार्याच्या निर्णयात आपला वाटा नाही, त्या कार्यात स्वाभिमानी मनुष्य फार काळ टिकत नाही.

रक्तदान शिबिराचेच उदाहरण घ्यावे. शिबिर कोठे व्हावे, कोणती रक्तपेढी बोलवावी, प्रमुख पाहुणे कोण असावेत, फलकावर कोणाची नावे कोणत्या क्रमाने यावीत, हे सारे ज्येष्ठांच्या बैठकीत ठरून गेलेले असते. मग महाविद्यालयातील मुलामुलींना निरोप जातो. ती सकाळी लवकर येऊन सभागृह झाडतात, खाटा मांडतात, नोंदणीच्या टेबलाशी बसून दात्यांचे नाव, वय आणि वजन अर्जावर उतरवून घेतात, रक्त दिल्यावर कोणास भोवळ आली तर सावरावयास शेजारी उभी राहतात, कॉफी-बिस्किटे फिरवतात, आणि मंचावर समारोपाचे छायाचित्र निघत असता खाली सतरंज्या गुंडाळीत असतात. या कष्टांत कमीपणा मुळीच नाही. सतरंजी उचलणे हे सेवेचेच अंग आहे, आणि आजच्या पदाधिकाऱ्यांनीही एके काळी सतरंज्या उचललेल्या आहेत. परंतु ओळीने दोन-तीन शिबिरे राबवून जिला उमगले की, रक्ताचा खरा तुटवडा महाविद्यालये बंद आणि लोक गावोगाव गेलेले असतात त्या उन्हाळ्याच्या सुटीत जाणवतो, म्हणून शिबिरही तेव्हाच भरवले पाहिजे, त्या मुलीचे म्हणणे ऐकून घेऊन तारीख बदलण्याची तजवीज संस्थेच्या रचनेत कोठेच नसते. पुढच्या वर्षी ती येत नाही, आणि आपण तिला उदासीन ठरवून मोकळे होतो.

सेवाक्लबांच्या चळवळीचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन स्नेह्यांसह रोटरीचा प्रारंभ केला. पुढे १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये तरुणांसाठी रोटरॅक्ट, अशा दोन पायऱ्या तिच्या खाली बांधण्यात आल्या. विद्यार्थी इंटरॅक्टमधून रोटरॅक्टमध्ये आणि तेथून रोटरीत चढत जाईल, अशी ती योजना होती. योजना सुबक होती, परंतु रोटरॅक्टची वयोमर्यादा तीस वर्षांची असल्यामुळे, नोकरी, विवाह आणि घराचे कर्ज ही तिन्ही ओझी ज्या वयात एकदम खांद्यावर येतात, नेमक्या त्याच वयात कार्यकर्त्यास एका दाराने निरोप मिळे, आणि पुढचे दार मात्र स्थिरस्थावर झालेल्या, वर्गणी आणि भोजनखर्च सहज पेलणाऱ्या व्यावसायिकांचे असे. पन्नास वर्षे उलटल्यानंतर, २०१९ मध्ये, रोटरॅक्ट क्लबांना मूळ संघटनेच्या सदस्यत्वात स्थान देण्यात आले, आणि १ जुलै २०२० पासून वयाची ती अट काढून टाकण्यात आली. जगभर पसरलेल्या संघटनेस जी गोष्ट कळावयास अर्धे शतक लागले, ती आपल्या गावच्या संस्थांस अद्याप कळली नसेल तर त्यात नवल नाही. मात्र आता ती कळून घेण्यास विलंब लावणे परवडणारे नाही.

पिढ्यांनी एकत्र का यावे, याचे सर्वांत सबळ उत्तरही रोटरीच्याच एका कार्यात आहे. पोलिओ निर्मूलनाचा संकल्प तिने १९८५ मध्ये सोडला. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला तो जानेवारी २०११ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले ते २७ मार्च २०१४ रोजी. संकल्पाच्या वेळी चाळिशीत असलेला कार्यकर्ता प्रमाणपत्राच्या दिवशी सत्तरीच्या घरात पोहोचला होता, आणि लस पाजण्याच्या केंद्रांवर अखेरच्या वर्षांत उभे राहिलेले अनेक स्वयंसेवक संकल्पाच्या वेळी जन्मासही आले नव्हते. सरकारी यंत्रणेचे, आरोग्यसेविकांचे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे श्रम त्यात अर्थातच फार मोठे आहेत. पण स्वयंसेवी हातांपुरते बोलावयाचे तर एवढे म्हणता येते की, समाजाची जी दुखणी खरोखर मोठी असतात, ती एका पिढीच्या आयुष्यात आटोपत नाहीत. व्यसन, कुपोषण, नद्यांचे प्रदूषण किंवा गावच्या पाण्याची टंचाई हाती घेणाऱ्या संस्थेस आपल्यामागून काम चालवणारी माणसे आपल्या हयातीतच घडवावी लागतात.

ही घडण कशी होते, हे महाराष्ट्रास परक्याकडून शिकण्याचे कारण नाही. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी यांनी स्थापन केलेल्या पुणे सार्वजनिक सभेचे सूत्रचालन ज्या न्यायमूर्ती रानड्यांकडे होते, त्यांनी आपल्याहून चोवीस वर्षांनी लहान असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना जवळ केले. सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके त्यांच्याकडून काटेकोरपणे वाचून घेतली, मसुदे लिहवून घेतले, त्यांतील उणिवा निष्ठुरपणे दाखवल्या, आणि हे शिक्षण चालू असतानाच सभेच्या त्रैमासिकाचे संपादन व चिटणिशी या पंचविशीतल्या प्राध्यापकाकडे आली. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाच्या प्रश्नावर साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले ते गोखले तिशीच्याच आसपासचे होते. त्यांनीही पुढे तोच धर्म पाळला. १९०५ च्या जूनमध्ये, म्हणजे शिकागोत रोटरीचा जन्म झाला त्याच वर्षी, त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांस दीर्घ उमेदवारी करावी लागे, पण त्या उमेदवारीच्या पोटी स्वतंत्र कर्तृत्वास पूर्ण मुभा असे. म्हणूनच ना. म. जोशी मुंबईत १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग उभी करू शकले, आणि गोपाळ कृष्ण देवधर रमाबाई रानड्यांच्या जोडीने पुण्यात सेवासदनाचे कार्य वाढवू शकले. रानड्यांनी गोखल्यांना केवळ सभांच्या खुर्च्या मांडावयास लावले असते, तर या साखळीची पहिली कडीही जुळली नसती.

आजच्या तरुणांत सेवेची ओढच नाही, हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून नाही. गणेशोत्सवापूर्वीच्या दोन महिन्यांत पुण्यात नदीकाठी संध्याकाळी जाऊन पाहावे. ढोल-ताशा पथकांच्या सरावास दिवसभर नोकरी वा अभ्यास करून आलेली मुलेमुली पावसापाण्यात हजर असतात, कमरेला जड ढोल बांधून हाताला फोड येईतो वाजवतात, आणि कोणी उशिरा आले तर पथकाची शिस्त त्यास मोकळे सोडीत नाही. मंडळाच्या मांडवातही हेच दिसते. विशीतला खजिनदार पावतीपुस्तके मोजून देतो, वर्गणीचा हिशेब रात्री बसून जुळवतो, पोलीस ठाण्याची आणि महापालिकेची परवानगी स्वतः खेटे घालून आणतो. ही तीच पिढी आहे, जिला आपण सभांतून आळशी म्हणतो. फरक इतकाच की, मांडवातील पावतीपुस्तक तिच्या हाती असते आणि त्याचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेसारखी तयार पाठशाळा आपल्याकडे आहेच. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. तीत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास समाजकार्यास देतात आणि दत्तक गावी सात दिवसांचे निवासी शिबिर करतात. शोषखड्डे खणलेले, बंधारे बांधलेले, घरोघरी पाहणीचे तक्ते भरलेले हे तरुण पदवी हाती पडताच कोठे जातात? त्यांच्या गावच्या एकाही संस्थेने त्यांच्या दारी जाऊन, ‘तुम्हांस हे काम येते, आमच्याकडे अमुक जागा रिकामी आहे, उद्यापासून रुजू व्हा’, असे म्हटलेले नसते. शासनाने शिकवलेला कार्यकर्ता समाजाने वाऱ्यावर सोडावा, यापरता अपव्यय नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींस उत्तर देणे इष्ट आहे. पहिला असा की, तरुण स्थिर नसतात. आज गावी आहेत, उद्या नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस वा परदेशी जातील. हे खरे आहे. पण म्हणूनच एका व्यक्तीवर अवलंबून न राहता प्रत्येक पदामागे एक उमेदवार तयार ठेवण्याची वहिवाट पाडली पाहिजे. आणि जो जाईल तो संस्थेची सवय बरोबर घेऊन जाईल, दुसऱ्या गावी दुसरी संस्था उभी करील, हा लाभ आपल्या खतावणीत जमेस पडला नाही तरी समाजाच्या खतावणीत पडतोच. दुसरा आक्षेप पैशाचा. कोवळ्या हाती पैसा द्यावा कसा? त्यास उत्तर हे की, बँकेचे खाते दोन सह्यांचे असावे, एक सही ज्येष्ठाची आणि एक तरुणाची. वर्षारंभी एक ठराविक रक्कम युवा समितीच्या हवाली करावी. ती कशावर खर्च करावी हे समितीने ठरवावे, आणि वर्षअखेर तिच्या पै-पैचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे समितीनेच मांडावा. उपक्रम फसला तर फसू द्यावा. ज्येष्ठांचेही अनेक उपक्रम फसलेले असतात. ते आठवणींतून गळून पडलेले असतात, एवढेच.

रचनेचा दोष मात्र पुष्कळदा कायद्याच्या कागदांतच अडकलेला असतो. आपल्याकडील बहुसंख्य संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे अर्ज वेळेवर दाखल होत नाहीत, झालेले वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, आणि नोंदवहीत दिवंगतांचीच नावे नांदत असतात. रोटरीत अध्यक्ष दर जुलैत बदलतो. आपल्या कित्येक विश्वस्त संस्थांत मात्र पद हे निधनानेच रिकामे होते. तेव्हा घटनेत दुरुस्ती करून पदाधिकाऱ्यांस मुदत घालावी, लागोपाठ दोन मुदतींनंतर पद सोडणे अनिवार्य करावे, कार्यकारिणीच्या किमान एक तृतीयांश जागा पस्तिशीच्या आतील सभासदांस राखाव्यात आणि त्यांस पूर्ण मताधिकार असावा. ‘निमंत्रित सदस्य’ हा गोड शब्द येथे कामाचा नाही. बैठकीची वेळही नोकरदार आणि विद्यार्थी यांना साधेल अशी ठेवावी. दुपारी चारला बैठक बोलावून तरुण का आले नाहीत असे विचारण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ ज्येष्ठांनी दूर व्हावे, असा कोणी करू नये. तहसील कचेरीत कोणता कागद कोणाकडे अडतो, कोणत्या देणगीदाराच्या शब्दावर विसंबावे, पंधरा वर्षांपूर्वीची वृक्षलागवड कोणत्या कारणाने वाळून गेली, हे ज्ञान कोणत्याही यंत्रावर मिळत नाही; ते माणसांजवळ असते आणि माणसांबरोबरच जाते. निवृत्त शिक्षक, तलाठी, परिचारिका, अभियंता यांनी आपल्या हाताखाली एकेक तरुण घ्यावा, त्यास बरोबर घेऊन फिरावे, त्याच्या मसुद्यात दुरुस्त्या कराव्यात, आणि सही मात्र त्याची होऊ द्यावी. तरुणांवरही याचे ऋण येते. उत्साहाचे चार दिवस आणि छायाचित्रांचा पाचवा, एवढ्यावर संस्था चालत नाही. इतिवृत्त लिहिणे, पावत्या फाइलला लावणे, लेखापरीक्षकाच्या शंकांना उत्तरे देणे ही नीरस कामे ज्याने मनःपूर्वक केली, त्याचाच कारभारावर हक्क पोहोचतो.

पुढील काही महिन्यांत गावोगाव वार्षिक सभा भरतील. त्या सभांस जाणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदास माझी विनंती आहे की, तरुण येत नाहीत ही तक्रार या वर्षी बोलून दाखवू नये. तिच्या जागी दोन तरुण नावे सुचवावीत, एक चिटणीसपदासाठी आणि एक खजिनदारपदासाठी, आणि ठरावास स्वतः अनुमोदन द्यावे.