वंश आईचा, मग दरबार कुणाचा?

मेघालयातल्या डोमियासियातला युरेनियमचा साठा सरकारी कंपनीला हवा होता. त्यासाठी स्पिलिटी लिंगदोह लांगरिन यांची जमीन लागणार होती. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यापोटी कोट्यवधींची रक्कम देऊ केली गेली, पण या खासी आजीबाई बधल्या नाहीत. पैशाने स्वातंत्र्य विकत घेता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. 2020 मध्ये नव्वदी ओलांडून त्या गेल्या. तिथे अजूनही खाण झालेली नाही.

हा नकार टिकला, कारण जमीन त्यांच्या नावची होती.

खासी समाजात कूळ आईवरून चालतं, मुलं आईचं कुळनाव लावतात. वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. तिला ‘खातदुह’ म्हणतात. घरासोबत म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा येते, अडलेल्या भावंडांना आसरा देणं येतं, आणि जुना धर्म पाळणाऱ्यांत कुळाचे विधीही तिच्याच घरी होतात. पण वडिलोपार्जित मालमत्ता तिला मनाला येईल तशी विकता येत नाही, मामांची संमती घ्यावी लागते. शिलाँगच्या इयूदुह बाजारात पानसुपारी, भाजी विकायला मुख्यतः बायकाच बसतात. त्यांच्याकडे पाहून पाहुणे खुशाल ‘स्त्रीराज्य’ म्हणून मोकळे होतात.

ते खरं नाही. गावचा कारभार ‘दरबार श्नाँग’ पाहतो आणि परंपरेने तिथे पुरुषच बसतात. प्रमुखही बहुतेक पुरुषच. 2023 मध्ये साठ जणांच्या विधानसभेत फक्त तीन स्त्रिया निवडून आल्या. ज्या बाईच्या नावाने अख्खं कूळ ओळखलं जातं, तिला गावच्या पाण्यावर, रस्त्यावर मत द्यायला जागा नसावी, हे अन्यायाचंच आहे.

त्यात 2018 मध्ये खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने एक दुरुस्ती विधेयक संमत केलं. बिगरखासी पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा आणि तिच्या मुलांचा खासी दर्जा काढून घेण्याची तरतूद त्यात होती. बाहेरचे जमिनी बळकावतील, ही छोट्या समाजाची भीती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीची किंमत बायकांनीच का मोजायची? वंश आईकडून येतो असं मानणाऱ्या समाजाने आईलाच वंशाबाहेर काढायचं, हे त्याच्या स्वतःच्या परंपरेलाही धरून नाही.

महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. मेघालयात तसं आपोआप घडणार नाही, कारण पंचायतींची 73वी घटनादुरुस्ती तिथे लागूच नाही. मात्र गावपरिषदांबाबत कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदांना दिला आहे. तो वापरून प्रत्येक दरबारात स्त्रियांच्या जागा त्यांनी आता कायद्यानेच राखाव्यात.